वेरूळचा पर्यटक कोणत्या यादीत बसतो?

सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. गाईड म्हणून ही दोन वाक्यं मी जितक्यांदा बोललोय तितक्यांदा कैलास लेण्याबद्दलही बोललो नसेन. तरी दर हंगामात एखादा ग्रुप असा निघतोच, की विमान रविवारी रात्री उतरतं, सोमवारी सकाळी अजिंठा ठरलेलं असतं आणि झोपायच्या वेळेला मला फोन येतो, ‘काही करता येईल का?’ नाही येत.

अशाच एका फोनवरून आमच्या गाईड मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. एक तरुण सहकारी म्हणाला, ‘सर, संसदेनं एकदा कायदा करून राष्ट्रीय पर्यटन प्राधिकरण उभं केलं पाहिजे. परदेशात आहे तसं. मग सगळं एकाच ठिकाणी.’ खाली अंगठेच अंगठे. मी विचारलं, ‘ते प्राधिकरण पुरातत्त्व खात्याला सुट्टीचा वार बदलायला सांगू शकेल का?’ उत्तर आलं नाही. (दोघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, ती उत्तरात धरत नाही.) वार बदलायला कायद्याची गरजही नाही, ते सरकारी आदेशाचं काम आहे. पण मूळ मागणीवर मला जे म्हणायचं होतं ते ग्रुपवर मावणारं नव्हतं.

मी जपानी बोलणारा गाईड. मे-जूनमध्ये काम जवळजवळ नसतं आणि त्या दिवसांत मी संसदेतल्या चर्चा वाचतो. घरच्यांना हा प्रकार उन्हाचा परिणाम वाटतो. पण कुठल्याही विधेयकात नेमकं काय दडलंय हे मंत्र्याच्या भाषणापेक्षा विरोधकाने सुचवलेल्या दुरुस्त्यांमधून लवकर कळतं, हे मी तिथंच शिकलो.

तर आधी संविधान. कोणत्या विषयावर कायदा कोणी करायचा हे सांगणाऱ्या तीन याद्या सातव्या अनुसूचीत आहेत: संघसूची (केंद्राचे विषय), राज्यसूची (राज्यांचे), समवर्ती सूची (दोघांचे). ‘पर्यटन’ ही नोंद तिन्हींत कुठेच नाही. आता आमच्या वेरूळच्या पर्यटकाला त्या याद्यांमधून चालवून बघा. त्याचा व्हिसा संघसूचीतली नोंद १९. विमान नोंद २९, रेल्वे २२, राष्ट्रीय महामार्ग २३, सगळं केंद्राकडे. महामार्ग सोडून तो आतल्या रस्त्याला वळला की राज्यसूचीतली नोंद १३. हॉटेलात उतरला की राज्यसूची ३१, ‘पथिकाश्रम व पथिकाश्रमचालक’. १९५० साली पंचतारांकित कोणाच्या डोक्यात नसावं. स्वच्छतागृह शोधायला लागला की सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, राज्यसूची ६. लेण्यांच्या फाटकातून आत शिरला की पुन्हा केंद्र, कारण राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं संघसूचीच्या ६७ मध्ये. बाहेर येऊन घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेला की तो यात्रेकरू झाला आणि तीर्थयात्रा राज्यसूचीच्या सातव्या नोंदीत आहे. देवळाच्या दगडांचा विषय वेगळा, मी माणसाबद्दल बोलतोय. वाटेत पाकीट मारलं गेलं तर पोलीस, राज्यसूची २. चौतीस लेणी आणि एक ज्योतिर्लिंग बघेपर्यंत हा माणूस केंद्र आणि राज्य यांच्यात किती वेळा हात बदलतो ते मोजत बसू नका.

म्हणून असं विधेयक लोकसभेत आलं तर पहिलं भांडण पर्यटनावर होणारच नाही. लोकसभेच्या कामकाजाचा नियम ७२ सांगतो, की विधेयक मांडायलाच विरोध करता येतो, आणि ‘हा विषय या सभागृहाच्या अधिकाराबाहेरचा आहे’ असा आक्षेप असेल तर अध्यक्ष त्यावर पूर्ण चर्चा होऊ देऊ शकतात. कुठल्याही प्रादेशिक पक्षाचा जरा अभ्यासू खासदार तिथंच उभा राहील. ‘आमची हॉटेलं, आमचे रस्ते, आमच्या यात्रा, आणि प्राधिकरण दिल्लीत?’ हा प्रश्न मला अडेलपणाचा वाटत नाही.

सरकारकडेही उत्तर आहे. जो विषय राज्यसूचीत आणि समवर्ती सूचीत नाही तो संघसूचीच्या नोंद ९७ प्रमाणे आणि अनुच्छेद २४८ प्रमाणे संसदेचा. हॉटेलवाल्यांनी हा वाद एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवून पाहिलाय. १९८७ च्या व्यय कर कायद्याने, ज्या हॉटेलात खोलीचं भाडं माणशी दिवसाला ४०० रुपये किंवा जास्त, तिथल्या खर्चावर केंद्राने १० टक्के कर लावला. हॉटेलवाले म्हणाले, चैनीच्या वस्तूंवरचा कर राज्यांचा, केंद्राला हा अधिकारच नाही. १९८९ मध्ये निकाल केंद्राच्या बाजूने लागला: एकाच व्यवहाराला दोन अंगं असू शकतात, चैन हे एक अंग आणि खर्च हे दुसरं, आणि खर्चावरचा कर नोंद ९७ मध्ये बसतो. म्हणजे नुसता कर लावायचा असेल तर संसदेला वाट सापडते. पण प्राधिकरणाला हॉटेलांची नोंदणी, यात्रेची व्यवस्था, स्वच्छता यांत हात घालायचा असेल तर नोंद ९७ एवढी लांब ताणता येईल असं मला वाटत नाही.

दुसरे रस्ते आहेत, सगळे चढाचे. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केला तर अनुच्छेद २५२ खाली त्या राज्यांपुरता कायदा. राज्यसभेने दोन तृतीयांश मतांनी ठराव केला तर २४९ खाली, तोही मुदतीचा. किंवा सरळ पर्यटन समवर्ती सूचीत घालायचं. ही मागणी जुनीच आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती आणि किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते. वनं आणि शिक्षण १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्तीत गेले, तो काळ कोणता होता ते आठवा.

आपल्याकडे यावर आजवर निघालेला तोडगा म्हणजे कंपनी. केंद्राचं पर्यटन विकास महामंडळ १९६६ चं, आपलं एमटीडीसी, म्हणजे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, १९७५ चं, दोन्ही कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या सरकारी कंपन्या. कंपनी काढायला सभागृहात कलमावार चर्चा लागत नाही. हॉटेल चालवायला, बस काढायला कंपनी उत्तम. दुसऱ्या खात्याला चार शब्द सुनवायचे असतील तर कंपनीचं पत्र कोण वाचतं?

आता ‘परदेशात आहे तसं’ याकडे. ब्रिटनचा कायदा १९६९ चा. त्याने एक ब्रिटिश टूरिस्ट ऑथॉरिटी उभी केली आणि सोबत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स यांची स्वतंत्र मंडळं. ऑथॉरिटीवर सरकारने नेमलेले अध्यक्ष, जास्तीत जास्त पाच सदस्य आणि या तिन्ही मंडळांचे अध्यक्ष. दिसायला किती समजूतदार! मेख होती परदेशातल्या जाहिरातीत. ते काम कायद्याने फक्त ऑथॉरिटीला दिलं. स्कॉटलंडच्या मंडळाला न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या नावाने ‘आमच्याकडे या’ म्हणायचा अधिकार मिळायला १९८४ चा वेगळा कायदा करावा लागला. वेल्सला त्यासाठी १९९२ उजाडलं. म्हणजे तेवीस वर्षं. एकसंध, लहानशा देशात ही तऱ्हा. मग केरळने किंवा राजस्थानने स्वतःची जाहिरात दिल्लीच्या हाती द्यावी अशी अपेक्षा कोणी करत असेल तर त्याने केरळच्या जाहिराती पाहिलेल्या नाहीत.

त्याच कायद्याची आणखी दोन कलमं बघण्यासारखी. हॉटेल बांधणाऱ्याला खोलीमागे साधारण १,००० पौंडांपर्यंत अनुदान, पण काम १९७१ च्या मार्चअखेर सुरू आणि १९७३ च्या मार्चअखेर पूर्ण व्हायला हवं. या कलमाचा लगेच उपयोग झाला, हॉटेलं भराभर उठली, विशेषतः लंडनमध्ये, जिथे तशीही उठली असती. उलट राहण्याच्या जागांची सक्तीची नोंदणी करायचा अधिकार देणारं कलम होतं, ते वापरलंच गेलं नाही. पैसे वाटायचं कलम धावलं, शिस्त लावायचं कलम कपाटात राहिलं. माझ्या तरुण मित्राला पर्यटकाची फसवणूक थांबवायचीय, म्हणजे त्याला हवंय ते कपाटातलं कलम.

आयर्लंडने २००३ मध्ये राष्ट्रीय पर्यटन विकास प्राधिकरणाचा कायदा केला. जुनं पर्यटन मंडळ ‘बोर्ड फॉल्चा’ आणि हॉटेल-रेस्टॉरंटच्या कामाचं प्रशिक्षण देणारी ‘सर्ट’ ही संस्था, दोन्ही मिळून एक. तोवर परदेशातली प्रसिद्धी आधीच दुसऱ्या कंपनीकडे गेली होती, कारण १९९८ च्या शांतता करारानंतर उत्तर आणि दक्षिण आयर्लंडने ती एकत्र करायचं ठरवलं. म्हणून नव्या प्राधिकरणाच्या वाट्याला देशातलं काम आलं: माणसं शिकवणं, दर्जा ठरवणं, ठिकाणं उभी करणं. मला हे आवडलं. पोस्टरवर दिसणार नाही असं काम आहे, पण गाईडला, वेटरला, ड्रायव्हरला त्याचाच उपयोग.

आपल्याकडे अधिकार म्हणजे काय असतो हे पाहायला फार लांब जायला नको. २०१० साली संसदेने प्राचीन स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती करून राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण आणलं. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटर परवानगीने. वेरूळ गावात घरावर मजला चढवायचा असेल तर लोकांना हे आकडे पाठ असतात. नको म्हणायचा अधिकार कायद्यातच लिहिलेला असला की असं होतं. आणि तो बोचतो म्हणून तो सैल करायचं विधेयकही निघालं. जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेने ते तपासायला खासदारांच्या प्रवर समितीकडे पाठवलं. पर्यटन प्राधिकरण कोणाला नको म्हणू शकणार आहे? मसुदा हातात आला की मी कार्यांच्या यादीवरून सरळ पुढे जाईन. ‘प्रोत्साहन देणे, समन्वय साधणे, सल्ला देणे’ ही क्रियापदं कोणालाच बांधत नाहीत. ‘निर्देश देणे’ कुठे आहे, आणि ते पाळले नाहीत तर काय, एवढंच शोधायचं.

ग्रुपवर शेवटी ठरलं की खासदारांना पत्र द्यायचं, त्यांनी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, मांडावं. मी थांबवलं. १९७० नंतर एकही खासगी सदस्याचं विधेयक कायदा झालेलं नाही. शिवाय सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर अनुच्छेद ११७ प्रमाणे राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय ते मंजूरच होऊ शकत नाही. शुक्रवारी दुपारी, खासगी विधेयकांच्या वेळेत, चार भाषणं होतील, खासदारांना व्हिडिओ मिळेल, आपल्याला काय?

त्यापेक्षा तारांकित प्रश्न बरा. लोकसभेत दिवसाला वीसच घेतात, नंबर लागेलच असं नाही, पण लागला तर मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि उपप्रश्न विचारता येतो. विषयही मी सुचवला, आमच्याच पोटाचा. स्मारकांच्या १९५९ च्या नियमांतला आठवा नियम स्मारकात काय काय करायला मनाई आहे ते सांगतो. फेरीने माल विकणं, जाहिरात लावणं यांच्याच रांगेत पैसे घेऊन पर्यटकाला स्मारक दाखवणं आहे. परवाना असेल तरच करायचं. मी इतकी वर्षं विश्वकर्मा लेण्यात जपानी भिक्षूंना जे सांगत आलो ते कायद्याच्या लेखी फेरीवाल्याच्या शेजारचं काम. फेरीवाल्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, भर उन्हात त्याच्याकडचं पाणी मीच पितो. पण हा नियम संसदेने घातलेला नाही, केंद्र सरकारने केलाय आणि त्यालाच बदलता येतो.

मसुदा आत्ता तरी असा आहे: (क) संरक्षित स्मारकांमध्ये गाईडचं काम करण्यासाठी कोणत्या कार्यालयाचा परवाना ग्राह्य धरला जातो; (ख) पर्यटन मंत्रालय आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांचे परवाने एकच करण्याचा विचार आहे काय; (ग) असल्यास केव्हापर्यंत, नसल्यास कारणे काय. तरुण मित्राला ‘ग’ फार सौम्य वाटतोय. त्याला तिथे जेवणाच्या सुट्टीत गाईडने बसायचं कुठे हेही घालायचंय. आज रात्री पुन्हा भांडू.