आधी काहीच कळलं नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्हीच असं नाही, गेल्या दीड वर्षात लोकांनी मला हे लिफ्टमध्ये विचारलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलंय, एकदा तर दाताच्या दवाखान्यात, माझं तोंड उघडं असताना. "एवढा धडधाकट बोका असा एकाएकी कसा गेला हो? आधी काहीच कळलं नाही का?"

नाही कळलं.

आमच्या बोक्याचं नाव पंत. पाठ काळी, छाती पांढरी, आणि कुठल्याही खोलीत शिरताना जप्तीला आल्यासारखी चाल. सहा वर्षांत घरात त्यांना कुणी अरेतुरे केलं नाही. "पंत जेवले का?" "पंत उन्हात बसलेत, पडदा ओढू नका." डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत एवढा मान दुसऱ्या कुणालाच नव्हता. माझ्या नवऱ्याला तर नाहीच.

श्रावणातला रविवार होता. पहाटे पावणेसहाला स्वयंपाकघरातून ओरडणं ऐकू आलं. बोके भांडताना ओरडतात तसं नव्हे. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. पंत पुढच्या दोन पायांवर अंग ओढत फ्रिजपाशी आले होते. मागचे पाय ओल्या फडक्यासारखे फरशीवर लोळत होते. मला वाटलं, ओट्यावरून पडले, पाठ मोडली. पाय हातात घेतले तर गार. पंजाखालच्या गुलाबी गाद्या निळसर पडलेल्या.

रविवारी त्या वेळेला प्राण्यांचा डॉक्टर मिळणं म्हणजे काय, ते ज्याला लागलाय त्यालाच ठाऊक. चौथा फोन उचलला गेला. रिक्षा येईपर्यंत शेजारच्या काकांनी कळवळून सांगितलं, "अर्धी पॅरासिटामॉल द्या, दुखणं तरी थांबेल." मी दिली नाही ती केवळ पाणी आणायला वेळ नव्हता म्हणून. नंतर समजलं, मांजराला ती गोळी विष आहे. त्याच्या यकृताला ती पचवताच येत नाही. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

डॉक्टरांनी मागच्या पायाचं एक नख पार आतपर्यंत कापलं. रक्ताचा थेंब आला नाही. पुढच्या पायाचं कापलं, तिथे आलं. मग ते माझ्याशी बोलले. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, पण बहुतेक हृदयाच्या भिंती जाड झाल्या असणार. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. मांजरांमध्ये हृदयाचा सगळ्यात जास्त आढळणारा आजार हाच. हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगतो, तिथे रक्त साकळतं, गुठळी होते. ती मुख्य धमनीतून खाली वाहत जाते आणि जिथे धमनीचे मागच्या पायांसाठी दोन फाटे फुटतात, नेमकी तिथे अडकते. "पंतांना खूप दुखतंय," ते म्हणाले. नाव त्यांना मीच सांगितलं होतं, पण त्यांनीही मान ठेवला. दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि पुढचं ठरवायला मला बाहेरच्या बाकावर बसवलं. ठरवायची वेळ पंतांनी येऊच दिली नाही. सव्वाआठला माझ्या ओढणीत गेले.

बदलापूरला मावशीच्या परसात पुरलं. कुत्री उकरतात म्हणून भावानं भर पावसात कमरेइतका खड्डा खणला. मावशीनं दोन किलो खडेमीठ आणून ठेवलं होतं, कुणी न सांगता. सोमवारी मी ऑफिसात ताप आल्याचं कळवलं. मांजर गेलं म्हणून कुठे रजा मिळते?

आणि मग तुमचा तो प्रश्न. लोकांच्या आधी मीच तो स्वतःला विचारायला लागले होते. आदल्या आठवड्यात पंत फ्रिजवर एका उडीत न जाता आधी ओट्यावर, मग फ्रिजवर गेले होते. ते पाहून मी हसले होते. "पंत, वय झालं." एकदा चेंडू अर्ध्यात सोडून बसले होते. फोनमधले जुने व्हिडिओ काढून रात्री दोन दोन वाजेपर्यंत मी त्यांचं पोट वरखाली होताना मोजायची, एखाद्या खटल्याचे पुरावे गोळा करावेत तसं. फिर्यादी मी आणि आरोपीही मीच.

वर्षाच्या लशीच्या वेळी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला होता, काही ऐकू आलं नव्हतं. या आजारात ते पुष्कळदा येत नाही. वरवर ठणठणीत दिसणाऱ्या मांजरांचे इको केले तेव्हा सुमारे सातांत एकाला हा आजार निघाला. माणूस निदान जिना चढताना थांबतो, छातीवर हात ठेवतो. मांजर दुखणं झाकतं आणि दमलं तर झोपतं. मुळात जो दिवसातले पंधरा तास झोपतो तो सोळा तास झोपला, हे कुणाच्या बापाला कळणार? हे सगळं मी वाचलं, मला पटलं, आणि तरी फ्रिजवरची ती दोन टप्प्यांतली उडी काही डोळ्यांपुढून जाईना.

आई म्हणायची, मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं. मी तिला फोनवर विचारलं, "आणि नुसतं लक्षात आलं नाही तर?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू जेवलीस का?"

हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवलंय की इजिप्तमध्ये घरचं मांजर मेलं की घरातली सगळी माणसं भुवया भादरत. मला तसलं काहीतरी हवं होतं, निदान दारात आलेल्या माणसाला न विचारता कळलं असतं. आमच्या कोळणीला मी सांगूच शकले नव्हते. ती पंतांसाठी दर बुधवारी मांदेलीची डोकी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवायची. चार बुधवार मी ती पिशवी मुकाट्यानं घेतली आणि घरी येऊन फ्रीझरमध्ये टाकली. पाचव्या बुधवारी तिनं विचारलं, "पंत काय म्हणतात?" आणि मी बाजारात, पापलेटांच्या टोपलीसमोर, हमसून हमसून रडले.

तिनं हात पुसले नाहीत, तशाच हातानं माझं मनगट धरलं. "सांगायचं न्हाय व्हय, बाय? मी आपली येगळी काढतेय." कधी, कसे, आधी काही कळलं का, यातलं एकही तिनं विचारलं नाही. थोड्या वेळानं पिशवी पुढे केली. "तुमच्या जिन्याखाली ते पिवळं एक बसतं ना, त्याला घाल."

पिवळ्याला अजून नाव ठेवलेलं नाही. घरात घेतलेला नाही, घेईन की नाही ठाऊक नाही. बुधवारी डोकी खाऊन तो मीटरच्या पेटीखाली झोपतो. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला तिसाच्या आत असावेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी भाजीची पिशवी खाली ठेवते आणि घड्याळ लावून पायरीवर बसते. कालच्या बुधवारी चोवीस भरले.