गुळगुळीत टायरवरचा बाण

परवा रात्री साडेनऊला मागचं चाक मोटरसायकलला चढवायला घेतलं आणि हात थांबला. टायरच्या कडेवरचा बाण मागं तोंड करून. दुपारीच दुकानातनं बसवून आणलेला नवा स्लिक, म्हणजे नक्षी नसलेला गुळगुळीत टायर, सकाळी सहाला हुपरीकडच्या ट्रॅकवर जायचं, आणि टायर उलटा.

दुकानात फोन लावला. "अहो, त्याला नक्षीच नाही. कसाबी बसवला तरी चालतोय की!"

हे उत्तर मी कोल्हापुरात इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसलो. नक्षीच्या टायरला दिशा असते हे सगळ्यांना पटतं. गगनबावड्याच्या पावसात गाडी घातलेल्याला तर सांगायलाच नको, खाचांनी पाणी मधनं बाहेर काढायचं असतं. पण स्लिकला खाचाच नाहीत, मग बाण कशाला?

सांध्यामुळं. टायर बनवताना वरच्या रबराची पट्टी गोल गुंडाळतात आणि तिची तिरकी कापलेली टोकं एकमेकांवर चढवून जोडतात. मागच्या चाकावर मोठा जोर येतो थ्रॉटल उघडल्यावर, पुढच्यावर ब्रेक मारल्यावर, आणि हे दोन्ही जोर एकमेकांच्या उलट. म्हणून पुढं-मागं दोन्हीकडं चालणाऱ्या टायरवर दोन बाण असतात, पुढच्या चाकासाठी एक, मागच्यासाठी त्याच्या उलट. बाणाप्रमाणं बसवला तर जोर सांधा दाबून धरतो. उलटा बसवला की तोच जोर सांध्याची कड उचलायला बघतो. आता जोड पूर्वीपेक्षा पक्के असतात, काही टायरांना असा सांधाच नसतो, हे खरं. तरी गुडघा जमिनीला टेकवून वळताना मला त्या बाणाच्या विरोधात जायचं नाही.

आबांना हे लगेच कळलं. त्यांची हयात उद्यमनगरात लेथवर गेली. "पट्ट्याचं तसंच की रं," म्हणाले. जुन्या लेथला वरच्या शाफ्टवरनं चामडी पट्टा यायचा. त्याचा सांधा तासून, एकावर एक चिकटवलेला. पट्टा उलटा चढवला की पुलीवर सांध्याची जीभ सुटायची, आणि मग दिवसभर टप्‌ टप्‌.

मग दोघं बसलो. हवा सोडली, बेंच व्हाईसमध्ये दाबून टायरची रिममध्ये बसलेली कड सोडवली, रिमला चरा पडू नये म्हणून जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, साबणाचं पाणी लावलं आणि दोन टॉमींनी, म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी उचकटून, टायर बाहेर. परत घालायच्या आधी स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, वर करून रिम आडवी ठेवली. माझ्या गाडीची चेन डावीकडं, म्हणजे त्या बाजूनं बघताना बाण घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरला पाहिजे. आबांनी बोट फिरवून दोनदा बघितलं, मी एकदा. टायरवरचा पिवळा ठिपका, म्हणजे त्याच्या हलक्या बाजूची खूण, व्हॉल्व्हसमोर आणला. शेजारच्या गॅरेजचा कॉम्प्रेसर मागून आणला होता. ठाप्‌, ठाप्‌, दोन्ही कडा बसल्या. टायर फिरवल्यावर आधीचं बॅलन्सिंग धरता येत नाही, म्हणून जुनी वजनं काढून एक्सलवर चाक सोडलं आणि नव्यानं लावली. साडेबारा झाले.

सकाळी उठून बघतो तर आबा माझ्या आधीच अंगणात. पांढऱ्या ऑईल पेंटनं दोन्ही रिमवर, दोन्ही बाजूंनी, बोटभर लांबीचे बाण काढून झाले होते. "वाळू दे," म्हणाले, "हात लावू नको."