८ जीबी रॅमवर कोणता व्हिडिओ एडिटर? चाचणीची आतापर्यंतची नोंद

यंत्र: विंडोजचा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. फूटेज: फोनवरचं १०८०पी. काम: कापाकापी, मराठी शीर्षकं, खाली संगीताचा एक ट्रॅक आणि यूट्यूबसाठी फाइल. विचार फक्त मोफत सॉफ्टवेअरचा.

दा विंची रिझॉल्व्ह पहिल्याच फेरीत बाद. रंगकामात त्याला तोड नाही. पण ते बनवणारी ब्लॅकमॅजिक कंपनीच विंडोजवर १६ जीबी रॅम मागते आणि त्यातला फ्यूजन हा इफेक्ट्सचा भाग वापरायचा तर ३२. नवशिक्याने यंत्राशी झगडत शिकण्यात अर्थ नाही. रॅम वाढली की परत बघू.

उरले शॉटकट आणि केडेनलाइव्ह. दोघांच्या पोटात एमएलटी हेच व्हिडिओवर प्रक्रिया करणारं इंजिन आहे, त्यामुळे वेगातला फरक शोधत बसू नये. फरक मांडणीत आहे. केडेनलाइव्हमध्ये ट्रॅकची शिस्त चांगली, मोठ्या प्रकल्पाला सोयीचं. शॉटकटमध्ये खिडक्या कमी आणि कळा सोप्या: एस दाबला की क्लिप तुटते, एक्स दाबला की तुकडा जाऊन मागची क्लिप पुढे सरकते. शिकायला शॉटकट बरं, असं आमचं मत.

फाइल ओढून टाकण्याआधी सेटिंग्जमध्ये व्हिडिओ मोड स्वतः निवडा, १०८०पी ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम). ऑटोमॅटिक ठेवलं तर पहिल्या क्लिपवरून अख्खा प्रकल्प ठरतो, आणि ती क्लिप उभी असेल तर चौकटही उभी होते.

खरी डोकेदुखी फ्रेमरेटची. फोन ३० एफपीएस म्हणतो, पण उजेड कमी झाला की फ्रेममधलं अंतर बदलत राहतं. आवाज मात्र एकाच गतीने नोंदला जातो. मग सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात आणि लांब क्लिपच्या शेवटी आवाज सरकलेला असतो. दोष माइकचा नाही, एडिटरचाही नाही. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये ती उघडून फ्रेमरेट मोडपुढे ‘व्हेरिएबल’ (बदलता) दिसतंय का ते पाहा. दिसलं तर हँडब्रेक या मोफत कन्व्हर्टरमध्ये व्हिडिओ टॅबवर फ्रेमरेट ३०, खाली कॉन्स्टंट फ्रेमरेट, आरएफ (दर्जाचा आकडा, कमी म्हणजे चांगला) १८ च्या आसपास, आणि मग एडिटरकडे. ‘सेम अ‍ॅज सोर्स’ तसंच ठेवू नका. शॉटकट अशी फाइल ओळखून रूपांतराचा पर्याय स्वतःच देतं. त्यातला पहिला, हलका पर्याय पुरतो, बाकीचे डिस्क भरून टाकतात.

आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावं. एचईव्हीसी हा आयफोनचा दुसरा, जास्त दाबलेला व्हिडिओ प्रकार जागा वाचवतो, पण उलगडताना जुना प्रोसेसर रडतो. तरीही प्लेबॅक अडखळला तर प्रॉक्सी सुरू करा: कापताना हलकी प्रत चालते, अंतिम फाइल मूळ फूटेजवरूनच बनते.

मराठी शीर्षकांची परीक्षा इंग्रजी परीक्षणांत कुणी घेत नाही. कोणताही एडिटर कायमचा धरण्याआधी ‘क्षितिज, कीर्ती, विठ्ठल, श्रद्धा’ एवढं टाइप करून बघा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली, किंवा जोडाक्षर सुटून मधे हलन्त दिसला, तर तिथे देवनागरीची जुळणी होत नाही. शॉटकट आणि केडेनलाइव्हमध्ये मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा युनिकोड फॉन्ट घेतला की अक्षरं नीट बसतात. डीटीपीवाल्यांचे जुने बिगर-युनिकोड फॉन्ट टाळा. अ‍ॅडोबीच्या सशुल्क प्रीमिअरमध्ये हीच गडबड दिसली तर प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन’चं करावं लागतं. कुठेच जमलं नाही तर इंकस्केप या चित्रांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये १९२०×१०८० ची पारदर्शक पीएनजी (चित्राची फाइल) बनवून वरच्या ट्रॅकवर ठेवायची. मात्र तिथला मजकूर बदलायचा तर दर वेळी पीएनजी नव्याने काढावी लागते.

एक्स्पोर्ट: व्हिडिओ एच.२६४ प्रकारात, ३० एफपीएसला ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट), आवाज एएसी प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ. दहा मिनिटांची फाइल ६०० एमबीच्या आसपास होते. फाइल अपलोड करण्याआधी शेवटचं मिनिट ओठांकडे बघत तपासा.

शॉटकट प्रकल्प ज्यात जपतं ती एमएलटी फाइल म्हणजे फूटेज नव्हे. तिच्यात फूटेज कुठे आहे याचे फक्त पत्ते असतात. फूटेज, संगीत, पीएनजी आणि एमएलटी एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि पेनड्राइव्हवर हलवायचं तर अख्खा फोल्डर हलवा.

राहिलेलं काम: हाच प्रकल्प केडेनलाइव्हमध्ये दोन कॅमेऱ्यांच्या फूटेजसह, आवाजावरून क्लिप जुळवून.