अमेरिकन रेसिपीतला ‘एक कप’ म्हणजे नक्की किती?

अमेरिकन रेसिपीत ‘वन कप’ दिसलं की फडताळातला चहाचा कप काढू नका. इथे कप हे माप आहे: ८ फ्लुइड औंस, म्हणजे साधारण २३७ मिलिलिटर. पाकिटांवरच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यात तो २४० धरतात. घरच्या स्वयंपाकात एवढ्याने काही बिघडत नाही. आपला चहाचा कप मात्र बऱ्याचदा दीडशेच्या आसपासच असतो.

वाटीने मोजताना वाटी कुठलीही चालते. रव्याला आणि पाण्याला तीच वापरली की झालं. केकमध्ये हे गणित फसतं, कारण कपाच्या जोडीला अंडी, टीस्पून आणि बटरची ‘स्टिक’ असते. समजा, रेसिपीत दोन कप मैदा, एक कप साखर, एक स्टिक बटर, दोन अंडी आणि दोन टीस्पून बेकिंग पावडर आहे. दीडशे मिलिलिटरच्या कपाने मैदा २४० ग्रॅमऐवजी दीडशेच पडतो, साखर २०० ऐवजी सव्वाशे. बटर, अंडी आणि पावडर मात्र तेवढीच. मिश्रण पातळ आणि तेलकट होतं, केक भसकन फुगतो आणि मध्येच बसतो. मग दोष ओव्हनला!

स्टिक म्हणजे अर्धा कप, ११३ ग्रॅम. वेष्टनावर टेबलस्पूनच्या रेघा छापलेल्या असतात, एका स्टिकमध्ये आठ. त्या रेघेवर सुरी ठेवून कापायचं, मोजायची गरजच नाही.

कपही दोन प्रकारचे. पातळ पदार्थांसाठी चोच असलेला पारदर्शक जग. तो ओट्यावर ठेवून, डोळे रेघेच्या पातळीला आणून बघायचा. कोरड्यासाठी पाव, एक तृतीयांश, अर्धा आणि एक असा चार कपांचा संच, काठोकाठ भरायचा. मैदा जगाने मोजला तर वरून सपाट करता येत नाही आणि अंदाज चुकतो.

सगळ्यात जास्त घोळ मैद्याचा. कप थेट पिशवीत खुपसला की मैदा दाबला जातो आणि १४०-१५० ग्रॅम भरतो. केक कोरडा आणि घट्ट होतो. आधी मैदा चमच्याने मोकळा करा, चमच्यानेच कपात हलकेच भरा, शीग आली की सुरीच्या पाठीने सपाट कापा. कप ठोकायचा नाही, हलवायचाही नाही. असा कप १२०-१२५ ग्रॅमचा होतो. ब्राउन शुगर मात्र उलट, चेपून भरतात. कप उपडा केला की साखरेचा आकार टिकला पाहिजे. मापं अशी सपाट घ्यावीत हा आग्रह बॉस्टनच्या कुकिंग स्कूलच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ मध्ये धरला आणि अमेरिकन स्वयंपाकघरांत तो रुजला.

स्वल्पविरामाकडेही लक्ष असू द्या. ‘वन कप वॉलनट्स, चॉप्ड’ म्हणजे आधी कपभर अक्रोड मोजायचे, मग चिरायचे. ‘वन कप चॉप्ड वॉलनट्स’ म्हणजे आधी चिरायचे, मग मोजायचे, आणि मग कपात जास्त अक्रोड मावतात. आधी काय आणि मग काय, हा नियम चाळलेल्या मैद्यालाही लागू.

खरं सांगायचं तर वजनकाटा घ्यावा आणि मोकळं व्हावं. अमेरिकन मैद्याच्या पिशवीवरच ‘पाव कप (३० ग्रॅम)’ असं छापलेलं असतं, चौपट केलं की उत्तर मिळतं.

एवढं करूनही दोन कप फसवतातच. ‘बारा कपां’च्या कॉफी मशिनमधला कप साधारण ५ औंसांचा असतो, त्यामुळे बारा मग कॉफी त्यातून निघत नाही. आणि राइस कुकरबरोबर येणारा प्लास्टिकचा कप बहुधा जपानी मापाचा, १८० मिलिलिटर. भांड्याच्या आतल्या पाण्याच्या रेघा त्याच कपाच्या हिशेबाने असतात. तांदूळ अमेरिकन कपाने घेऊन पाणी त्या रेघेपर्यंत घातलं तर पाणी कमी पडतं आणि भात टणक राहतो. तो कप हरवला असेल तर संचातला अर्धा आणि पाव मिळून जवळजवळ तेवढंच माप होतं.