तुम्ही विचारलंत म्हणून: जिप्सीच्या आवाजामागे मी का लागते

"डॉक्टरबाई, गाडी जुनी आहे, आवाज येणारच. त्यात एवढं शोधायचं काय?"

हे मला पेट्रोल पंपावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, गाईच्या पोटात माझा हात असताना गोठ्यातसुद्धा विचारतात. सुट्टीच्या दिवशी गाडीखाली पोतं टाकून आडवी झालेली दिसले की वाटेनं जाणारा थांबतोच. आजवर "बघतेय जरा" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच नीट सांगते.

गाडी 1998 ची मारुतीची जिप्सी किंग. 1298 सीसीचं इंजिन, पुढे-मागे सरळ अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. विकून टाका, हे मला सांगू नका. पाटण तालुक्यातल्या सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावरच्या वस्त्यांवर पावसाळ्यात जनावरं बघायला जायचं तर काय लागतं, हे इथल्या लोकांना मी सांगायला नको. फेरपासिंग, ग्रीन टॅक्स सगळं वेळच्या वेळी होतं. प्रश्न गाडी ठेवण्याचा नाहीच, आवाजाचा आहे.

"जुनी आहे" हे निदान नव्हे. वय झालं म्हणून लोखंड वाजत नाही. रबर कडक होतं, बुश (सांध्यातली रबरी नळी) फाटतो, क्लिप तुटते, नट ढिला होतो, मग दोन वस्तू एकमेकींवर आपटतात. प्रत्येक आवाजाला ठिकाण असतं, आणि ते ठिकाण बहुतेक वेळा जिथून आवाज येतोय असं वाटतं तिथे नसतं. चासीचे लांब गज आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतात. हँडब्रेकपाशी येणारी एक झणझण मी महिनोन्‌महिने सीटखाली शोधली. निघाली ती सायलेन्सरवरच्या पत्र्याची. इंजिन गार असताना, ठरावीक आरपीएमलाच वाजायची; पत्रा तापून फुगला की गप्प. होज क्लिप आवळली आणि संपलं.

म्हणून आधी गाडी रिकामी करायची. जॅक, टॉमी, पाने, औषधांच्या पेट्या, सगळं खाली. सीट बेल्टचे बकलसुद्धा फडक्यात गुंडाळायचे. मग उभ्या गाडीत रेस देऊन बघायचं. तेव्हाही वाजलं तर इंजिन, त्याचं माउंटिंग किंवा सायलेन्सर. मोकळ्या सपाट रस्त्यावर 40 च्या वेगात न्यूट्रल करायची. आवाज राहिला तर चाकं, शाफ्ट (इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा लांब दांडा), पाटे. ब्रेकवर नुसता पाय टेकवल्यावर थांबला तर पॅड. अ‍ॅक्सिलरेटर सोडताना आणि पुन्हा दाबताना एकेकदा "टक्" झालं तर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, किंवा टोकाच्या फ्लँजचे (जोडणीच्या चकतीचे) बोल्ट. आणि हे चालवणाऱ्यानं करायचं काम नाही. चालवायला दुसरा माणूस हवा, ऐकणाऱ्यानं मागे बसायचं.

आता ते सांगते, जे मी सहसा सांगत नाही.

एका वर्षी गाडीच्या मागच्या बाजूनं खडीवर जोरात खडखड यायची. शहरातल्या एका गॅरेजमध्ये शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्यांचे) बुश बदलून घेतले. त्यांनी गाडी जॅकवर लटकत असतानाच शॅकलचे नट पूर्ण आवळले. ते चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावर आवळायचे असतात. नाहीतर गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तसंच झालं. खडखड परत आली. पुन्हा दाखवली तर उत्तर मिळालं, "मॅडम, पाट्यांचा आवाज आहे. जुनी गाडी, राहू द्या." आवाज पाट्यांचाच होता. ते खोटं बोलले नव्हते.

जुलैची रात्र. सडावाघापूरच्या बाजूच्या एका वस्तीवरून फोन: "बाई, गाय अडलीया. पाय दिसत्यात, डोकं न्हाय." म्हणजे वासराची मान मागे वळलेली. मी आणि माझा मदतनीस निघालो. पठारावर धुकं इतकं की पवनचक्कीची घरघर ऐकू येत होती, खांब दिसत नव्हता. पुढे कच्ची वाट लागली, चढ सुरू झाला आणि गाडीखाली दणका बसला. इंजिन ओरडतंय, गाडी जागेवर. बॅटरी मारून बघितलं तर मागच्या शाफ्टचं डिफरन्शियलकडचं, म्हणजे मागच्या चाकांकडचं टोक सुटून चिखलात पडलं होतं. फ्लँजच्या चार बोल्टांपैकी एकही जागेवर नव्हता. भोकं लांबट झाली होती, कडा घासून चकचकीत झाल्या होत्या. म्हणजे ते एका रात्रीत घडलं नव्हतं. कितीतरी दिवस ते "टक्" म्हणत होतं आणि पाट्यांच्या खडखडीखाली मला ऐकू येत नव्हतं.

चाकांमागे दगड लावले. शाफ्टचं दुसरं टोक सोडवायला पावसात किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. पाना घसरत होता, फोन वाजत होता. शाफ्ट काढून मागे टाकला, पुढचे हब लॉक केले (म्हणजे पुढची चाकं आतल्या दांड्याला जोडली), फोर व्हील टाकला आणि नुसत्या पुढच्या चाकांवर निघालो. चढावर गाडीचा भार मागे जातो, पुढची चाकं लाल चिखलात जागच्या जागी फिरतात. शेवटच्या चढाला गाडी हरली. पिशवी घेऊन चालत गेलो.

वासरू आत ढकललं, मान सरळ केली, दोऱ्या बांधून ओढलं. गाय वाचली. वासरू मेलेलं होतं. वासरू पोटात मरून बरेच तास झाले की त्याचे डोळे ढगाळतात. याचे स्वच्छ होते.

गाईचा मालक म्हणाला, "बाई, अशा पावसात आलात, लई झालं." मी त्याला डोळ्यांचं सांगितलं नाही.

गाईच्या बरगड्यांवर टिचकी मारत स्टेथोस्कोपनं ऐकलं तर चौथं पोट डावीकडे सरकलेलं असल्यास "पिंग" असा आवाज येतो. गोठ्यात भांडी आपटत असतील तर तो निसटतो, म्हणून मी आधी सगळ्यांना गप्प करते. गाडीचंही मी तेच करते. जॅकची खुळखुळ, हुडच्या पाइपची किणकिण, नंबरप्लेटचा स्क्रू यांनी कुणाचं काही बिघडत नाही, हे मलाही कळतं. पण त्यांच्या खाली काय चाललंय हे ऐकायला आधी ते थांबवावे लागतात. आता बोल्ट आवळला की नट आणि फ्लँजवरून रंगाची एक सरळ रेघ ओढते. नट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. गाडी घाटाखालून आली की आधी त्या रेघा बघते.

पण तेव्हाची मी अजून भांडते. ती म्हणते, तू जनावरांची डॉक्टर आहेस, मिस्त्री नव्हेस. पैसे देऊन माहितगाराला दाखवलं होतंस, त्यानं राहू द्या म्हटलं. आणि "टक्" ऐकू आलं असतं तरी तू त्याला पाट्यांचाच म्हटली असतीस. यावर माझ्याकडे उत्तर नाही. ती पुढे हेही म्हणते की गाडी न थांबता पोचली असती तरी मान वळलेलं वासरू जगलंच असतं असं नाही. खरं आहे. मग मला ते स्वच्छ डोळे आठवतात आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

आणखी एक कबूल करते. ती रात्र आली नसती तरी कदाचित मी आज गाडीखालीच असते. आवाज सापडला की मला मनापासून बरं वाटतं. घरचे म्हणतात की त्या रात्रीचं मी निमित्त करते. त्यांचं चूक आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही, पण निमित्तही म्हणवत नाही.

सध्या एकच आवाज राहिलाय. सकाळी गाडी गार असताना, उतारावर डावीकडे वळताना पुढून बारीक टिकटिक. ब्रेक टेकवला तरी थांबत नाही, म्हणजे पॅड नाही. हब मोकळे असतानाही येतो. तेव्हा आतला अ‍ॅक्सल चाकाबरोबर फिरत नसतो, म्हणजे त्याचा जॉइंटही नसावा. डावीकडे वळताना भार उजवीकडे जातो, म्हणून उजव्या चाकाच्या बेअरिंगवर संशय आहे, त्याखालोखाल किंगपिनवर, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीवर. रविवारी ते चाक उतरवणार आहे. त्याआधी घाटात एक फेरी मारायची आहे, मी मागे बसून ऐकेन. चालवायला माणूस हवा आहे. ज्यांनी विचारलंत त्यांच्यापैकी कुणीही या, सकाळी लवकर, गाडी गार असताना.