राजवाड्याची निगेटिव्ह

इंदूरला जाताना डिजिटल कॅमेरा कपाटातच ठेवला आणि पेंटॅक्स के१००० गळ्यात अडकवला. हा कॅमेरा १९७६ साली बाजारात आला आणि पुढची वीसेक वर्षं फारसा न बदलता विकला जात राहिला. बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्याला. ती संपली तरी शटर पडतंच. सोबत इल्फर्ड एचपी५ प्लसचे कृष्णधवल रोल होते, चारशेचे. हा आकडा फिल्मचा वेग, म्हणजे ती उजेडाला किती चटकन दाद देते ते, सांगतो. एका रोलला हल्ली हजाराच्या आसपास पैसे पडतात आणि त्यात छत्तीस फोटो निघतात, त्यामुळे बोट दाबण्याआधी मनात हिशोब होतोच.

पुणे-इंदूर गाडीत समोरच्या बर्थवरच्या काकांनी कॅमेरा पाहून विचारलंच, "रोल मिळतात अजून?" मिळतात. आता तर सहज मिळतात, ऑनलाइन. "पण कशासाठी?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. तो मला घरातही विचारला जातो. फिल्मचा तो दाणेदारपणा हवा असेल तर फोनमध्ये डझनभर फिल्टर आहेत, हे मलाही ठाऊक आहे. दाण्यांसाठी मी हा खर्च करत नाही. मला निगेटिव्ह हवी असते. त्या जागेवर खरोखर गेलेली, तिथला उजेड अंगावर घेऊन आलेली एक पट्टी, उजळ ते काळं आणि काळं ते उजळ दाखवणारी. काकांना एवढं सगळं सांगत बसले नाही, "हौस" म्हटलं आणि त्यांनी पुरणपोळी पुढे केली.

माझी आई मूळची इंदूरची. मामा अजून रामबागेत राहतो. आयुष्यभर बँकेत नोकरी केली, पण जीव फोटोग्राफीत. एकेकाळी घराच्या कोठीघरात त्याची डार्करूम होती. आता तिथे मामीच्या लोणच्याच्या बरण्या आहेत. "तू ये तर खरी, रोल आपण घरीच धुऊ," असं तो फोनवर म्हणाला होता. पोचल्या पोचल्या समोर पोहे आले, वर बारीक सेव आणि जिरावण हा इंदुरी मसाला, बाजूला जिलेबी. इंदुरी माणूस पाहुण्याला आधी पोह्यांनी निःशस्त्र करतो, बाकीचं सगळं मग.

पहिला रोल राजवाड्यावर घालवायचा हे ठरलेलं होतं. मल्हारराव होळकरांनी बांधायला घेतलेला हा सातमजली वाडा, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. थंडीतलं सकाळचं ऊन तिरपं येतं आणि खिडक्यांच्या नक्षीत शिरतं. मामा सोबत आला होता. त्याला प्रकाश मोजणाऱ्या मीटरचं काही पडलेलं नाही. "लख्ख ऊन असेल तर भिंगाचं छिद्र एफ/१६, आणि शटर फिल्मच्या वेगाएवढं. चारशेची फिल्म तर पाचशेवर ठेव, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर. हे ऊन जरा मऊ आहे, छिद्र एक घर उघड. संपलं." मी काट्याकडे पाहिलं, तर काटाही तेच सांगत होता.

चौकातल्या गर्दीत एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "भिया, मेरा भी खींच लो." भिया म्हणजे भैया, आणि ते मामाला उद्देशून होतं, कॅमेरा माझ्या हातात असला तरी. मी त्याचा फोटो काढला. त्याने लगेच हात पुढे करून "दिखाओ" म्हटलं. कॅमेऱ्याची पाठ काळी, दाखवणार काय? मामाने त्याला समजावलं की यात रील आहे, परवा कळेल. तो मनापासून हसला, "अच्छा, वो वाला!" आणि मग दहा मिनिटं त्याच्या लग्नातल्या अल्बमबद्दल बोलत राहिला. फोटो बघायला मिळाला असता तर तो पाच सेकंदांत निघून गेला असता, असं मला वाटतं.

इंदूर आणि फोटोग्राफी यांचं नातं फार जुनं आहे, आणि शहरात फिरताना त्याची पाटी कुठे दिसली नाही याचं मला वाईट वाटतं. लाला दीनदयाळ मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. रुडकीला इंजिनिअरिंग शिकले आणि १८६६ च्या सुमारास इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे आणि खर्चाचे अंदाज काढायच्या कामावर लागले. कॅमेरा हातात घेतला तो इथेच, १८७४ च्या आसपास, आणि त्यांना पाठबळ दिलं ते दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी. पुढे ते हैदराबादला निजामाचे फोटोग्राफर झाले, ‘राजा’ हा किताब मिळाला, १९०५ मध्ये वारले. पण सुरुवात इंदूरची. नकाशे काढणाऱ्याचा डोळा त्यांच्या इमारतींच्या फोटोंत दिसतो: उभ्या रेषा अगदी उभ्या, ओळंबा लावल्यासारख्या.

त्यांनी कॅमेरा धरला तेव्हा ओल्या प्लेटचं तंत्र चालू होतं. काचेवर कोलोडियन हे चिकट द्रावण ओतायचं, चांदीच्या द्रावणात बुडवायचं, आणि ती ओली आहे तोवरच फोटो काढून तिथल्या तिथे धुवायचा. म्हणजे डार्करूमचा तंबूच बरोबर न्यायचा. १८८० च्या आगेमागे जिलेटिनच्या कोरड्या प्लेट आल्या आणि हा जाच संपला. दीनदयाळांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्यातल्या कित्येक वास्तू आता त्या रूपात उरलेल्या नाहीत. काच मात्र आहे.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या स्मारकांवर, दुपारी ऊन डोक्यावर आलं होतं, तिथे मी फार फोटो काढले नाहीत. गांधी हॉलचं घड्याळ एका फ्रेममध्ये घेतलं आणि पुढे निघाले.

माणिकबाग पॅलेस पाहायची माझी फार इच्छा होती. दुसरे यशवंतराव होळकर विशीत होते तेव्हा त्यांनी एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन आर्किटेक्टकडून हा महाल अगदी आधुनिक पद्धतीने करून घेतला. आज तिथे केंद्रीय करखात्याचं कार्यालय आहे, तेव्हा बाहेरूनच नमस्कार. याच यशवंतरावांचे आणि संयोगिताराणींचे फोटो मॅन रे या अमेरिकन फोटोग्राफरने १९३० च्या आसपास युरोपात काढले. बर्नार्ड बूते द मोन्व्हेल या फ्रेंच चित्रकाराने काढलेली महाराजांची भलीमोठी तैलचित्रं जास्त प्रसिद्ध आहेत, पण मला ती कडक इस्त्रीची वाटतात. मॅन रेच्या फोटोंत ती दोघं नुकतं लग्न झालेल्या कुठल्याही जोडप्यासारखी एकमेकांच्या खोड्या काढतात, हसून वाकडी होतात. मामाचं मत वेगळं आहे. तो म्हणतो, चित्रकाराला महाराज दिसला, फोटोग्राफरला पोरगा. मला वाटतं, आम्ही दोघं एकच म्हणतोय.

रात्री सराफा. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, थाळीएवढा जलेबा, आणि थंडी होती म्हणून गराडू हा कंद. तळलेल्या गराडूवर लिंबू पिळून मसाला भुरभुरला की बाकी शहराचं काहीही झालं तरी चालेल असं वाटतं.

इथे फिल्मचा खरा नियम आड येतो. फोनवर दर फोटोला संवेदनशीलता बदलता येते, रोलला तसं चालत नाही. म्हणून सराफ्यासाठी वेगळा रोल घातला आणि चारशेची फिल्म सोळाशे समजून वापरायची ठरवली. धुताना वेळ वाढवून ती कसर भरून काढायची, याला पुश करणं म्हणतात. अर्थात हा निर्णय अख्ख्या रोलचा असतो, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत. छिद्र एफ/२ वर, शटर साठावर. सावल्यांतला तपशील जाणार हे धरूनच चालायचं. कढईखालचा जाळ, बल्बच्या माळा आणि त्यांच्या उजेडात आलेले चेहरे एवढंच उरणार. मग मी तशाच जागा शोधत राहिले. काळोखात उभ्या असलेल्या माणसाकडे कॅमेरा वळवलाच नाही. वस्तूची मर्यादा अशी आधी ठाऊक असली की नजर आपोआप निवडक होते, आणि मला ते आवडतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोल धुतले. कोठीघरातल्या बरण्या मामीने हलवू दिल्या नाहीत, म्हणून जेवणाच्या टेबलावर काळी चेंजिंग बॅग मांडली, आत उजेड न शिरू देणारी. बाह्यांतून हात आत घालायचे, रोलचं झाकण उघडायचं, फिल्मचं टोक चाचपडत चकरीत सरकवायचं आणि चकरी मागे-पुढे फिरवत पूर्ण गुंडाळायची. हे सगळं न बघता. या वेळी नजर कुठे ठेवायची हा प्रश्नच असतो. मी समोरच्या दिनदर्शिकेतल्या एकादश्या वाचल्या. चकरी टाकीत गेली, झाकण लागलं की मग दिवा-उजेड काही असो.

पाणी थंडीमुळे नळालाच वीस अंशांच्या जवळ होतं. डेव्हलपरला, म्हणजे फिल्मवरचा फोटो उमटवणाऱ्या रसायनाला, वीस अंश लागतात. "उन्हाळ्यात बर्फाची पिशवी घेऊन बसावं लागतं," मामा म्हणाला, "पाणी तापून राहिलेलं असतं आणि फिल्म बघता बघता काळी होते." दिवसाच्या रोलला आयडी-११ हा डेव्हलपर पाण्यात निम्मा करून तेरा मिनिटं. सराफ्याच्या रोलला तोच डेव्हलपर पातळ न करता चौदा मिनिटं. दर मिनिटाला टाकी चार वेळा उलटी-सुलटी करायची आणि ओट्यावर हलकेच आपटायची, म्हणजे बुडबुडे निघून जातात.

त्या टाकीत चाललेलं असतं ते मला अजूनही थोडं अविश्वसनीय वाटतं. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे स्फटिक असतात. शटर उघडतं त्या क्षणी उजेड लागलेल्या स्फटिकात चांदीचे मोजके अणू सुटे होतात, बस. डोळ्याला काही दिसत नाही, पण फोटो तिथे असतो. डेव्हलपर त्या इवल्याशा खुणेवरून अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. ज्याला उजेड लागला नाही त्याला शक्यतो हात लावत नाही. ते उरलेले स्फटिक नंतर फिक्सर हे दुसरं रसायन धुऊन काढतं. जुने फोटोग्राफर त्याला अजून हायपोच म्हणतात. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये शोधलं, म्हणजे फोटोग्राफीच जगापुढे यायची होती तेव्हा. उत्तर आधी मिळालं, प्रश्न वीस वर्षांनी पडला.

फिक्सर झाला, धुणं झालं, आणि ओली पट्टी चकरीतून सुटली. मामाने ती वर धरून ट्यूबलाइटसमोर पाहिली. रिक्षावाला पांढऱ्या ओठांनी, काळ्या दातांनी हसत होता. पट्ट्या न्हाणीघरातल्या दोरीला चिमट्याने टांगल्या. मामीने जाहीर केलं की सकाळपर्यंत कोणी आंघोळीचं नाव काढू नये.

मग मामाने कपाटावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत बटर पेपरच्या पाकिटांत चौकोनी निगेटिव्ह, त्याच्या याशिका-मॅट कॅमेऱ्याच्या. एका रोलवर बाराच फोटो यायचे. फिल्म कधी पूर्व जर्मनीची ऑर्वो, कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू, जी हाताला लागेल ती. एका पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘राजवाडा, मागची बाजू, १९८१’.

राजवाड्याचा मागचा भाग १९८४ च्या दंगलीत जळाला. बऱ्याच वर्षांनी तो जुन्या पद्धतीने पुन्हा उभा केला, आणि काम चांगलं झालंय. आदल्या दिवशी मी त्याचे फोटोही काढले होते. पण मामाच्या हातातल्या पट्टीवर जळायच्या आधीचं लाकूड होतं. त्याच्यावरून निघालेला उजेड याच पट्टीवर पडला होता. त्या वाड्याचे इतर फोटो असतील, छापील असतील, जास्त चांगलेही असतील. हे माझ्यासाठी वेगळं होतं.

निगेटिव्ह मोठी करून कागदावर छापायच्या एन्लार्जरचा बल्ब गेलेला. त्या मापाचा आता मिळत नाही म्हणून मामा हळहळत होता. तेवढ्यात मामीने फोन आणला. टॅबवर कोरं पांढरं पान उघडलं, त्यावर निगेटिव्ह ठेवली, फोटो काढला, रंग उलटे केले. दोन मिनिटांत १९८१ चा राजवाडा. मामाला हे फारसं रुचलं नाही, पण तो फोन हातातून सोडेना. मी मामीच्या बाजूची. निगेटिव्ह डब्यात शाबूत असली की तिचं पुढे काहीही करावं, कागदावर काढावं नाहीतर फोनवर.

फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. पुण्याहून, उज्जैनहून, अमेरिकेतल्या दादाकडून हार, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी असं सगळं आलं. धाकट्या मामाने मागच्या भिंतीवरची सिनेमाची जाहिरात वाचायचा प्रयत्न सुरू केला. आईचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं. तिने वाड्याचा विषयच काढला नव्हता. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात भिंतीला टेकवलेल्या सायकलभोवती तिने लाल गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं, "ही माझी. होळकर कॉलेजला न्यायचे ती. दादा, तू तर म्हणाला होतास दुरुस्तीला टाकली आहे."

मामाने अजून उत्तर दिलेलं नाही.