शिंगं असलेलं पोर

तार्तू, एस्टोनिया, रविवार रात्र

आज परत 'नुकित्सामेस' हा इथला मुलांचा पिक्चर बघितला, तिसऱ्यांदा. मालकीणबाईंनी कॉफीला बोलावलं होतं, त्यांनीच टीव्हीवर लावला आणि पहिलं गाणं सुरू झालं तशा त्या हातातली कपबशी तशीच धरून गायला लागल्या, पन्नाशीच्या बाई, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. गाण्यांचं संगीत ओलाव एहालाचं आहे.

पिक्चर १९८१ चा, हेल्ले कारिस या दिग्दर्शिकेचा. तेव्हा इथे सोव्हिएत राज्य, तरी हा अस्सल एस्टोनियन, इथल्या रानातला, इथल्या भाषेतला. गोष्ट लेखक ओस्कार लुत्सने १९२० मध्ये लिहिलेली, आणि लुत्स म्हणजे तार्तूचाच की, त्याचं घर आता म्युझियम आहे. इती आणि कुस्ती (नाव खरंच कुस्ती!) ही भावंडं रानात बेरी वेचायला जातात, वाट चुकतात आणि मेत्सामोरच्या तावडीत सापडतात. मेत्स म्हणजे रान, मोर म्हणजे म्हातारी. लोककथेतली चेटकीणच ही, पण तिचं ते कळकट घर, ते आडदांड पोरगे, सगळ्यांचा आरडाओरडा, हसून हसून पोट दुखतं. मेत्सामोर झालेल्या ईता एव्हेरने काय काम केलंय! हीच बाई दोन वर्षांनी पडद्यावर अगाथा क्रिस्टीची म्हातारी डिटेक्टिव्ह मिस मार्पल झाली, सांगून विश्वास बसत नाही.

पण माझा जीव अडकतो तो त्या घरातल्या धाकट्यात, म्हणजे नुकित्सामेसमध्ये. डोक्यावर दोन छोटी शिंगं, वळण म्हणून काही नाही. इतीला त्याला सांभाळायला लावतात आणि पळून जायची वेळ येते तेव्हा ती त्याला मागे ठेवत नाही, सोबत घेऊन जाते. स्वतः कैदेत असलेली एवढीशी पोरगी, आणि तिला त्याची शिंगं आड येत नाहीत. मला दरवेळी इथे भरून येतं.

पुढे तो माणसांत राहून शिकतो आणि शिंगं गळून पडतात. सगळे खूश. मला मात्र वाटतं राहू द्यायची होती ना, शिंगांसकटच तर तिने त्याला आपलं म्हटलं होतं. आज हे मालकीणबाईंना मोडक्यातोडक्या एस्टोनियनमध्ये बोलून दाखवलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, लहानपणी मी शिंगं गळताना डोळे मिटून घ्यायचे.

निघताना ब्लूबेरी जॅमची बरणी दिली, जुलैत रानातून त्यांनीच वेचून आणलेल्या बेरींची. झाकणाला अजून जांभळे डाग आहेत.